सुपडूनानांची ट्रायल

मोटारसायकलीतला न सापडणारा आवाज ज्याच्या वाट्याला आला नाही, त्याला सुपडूनाना कळायचे नाहीत. दाढ दुखली तर निदान कोणती दुखते ते जीभ लावून कळतं. गाडीच्या आवाजाचं तसं नसतं. टाकीखालून येतोय म्हणावं तर मागे जातो, मागे वळून पाहावं तर पुढे येतो, आणि मिस्तरीच्या दारात गाडी उभी केली की साळसूदपणे गप्प बसतो. मग मिस्तरी आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर आठवली की अजून माझं डोकं फिरतं. माझं डोकं तसं लवकरच फिरतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात एक खोली घेऊन राहायचो आणि बियाण्यांच्या एका कंपनीचा माल दुकानादुकानांत दाखवत फिरायचो. दर गुरुवारी धुळ्याच्या ऑफिसात हजेरी लावावी लागे. त्यासाठी एक मोटारसायकल घेतली होती, दोन मालकांच्या हाताखालून निघालेली. आधीच्या मालकाने बायकोचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला साडीगार्ड बसवून घेतलं होतं. मी बिनलग्नाचा, मला त्या जाळीचा काय उपयोग? पण काढायचा कंटाळा केला आणि ती तशीच राहिली.

पाळधी मागे पडली आणि काटा चाळीसच्या पुढे गेला की मांडीखालून सुरू व्हायचं, टिर्रर्र. मग थेट धुळ्यापर्यंत टिर्रर्र. दोन मिस्तरी झाले. एकाला गावातल्या गल्लीत फिरवून काही ऐकूच आलं नाही. दुसरा हायवेपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, इंजिन उघडावं लागेल. उघडलं, जोडलं, आवाज तिथल्या तिथे. तिसऱ्याने हात जोडले आणि म्हणाला, मेहरूणच्या रस्त्याला सुपडूनानांकडे जा, त्यांना नाही सापडला तर गाडी विकून टाका.

सुपडूनानांची पत्र्याची शेड होती आणि तिच्यामागेच त्यांची राहायची खोली. पंचावन्नच्या घरातला, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. शेडमध्ये रेडिओ नाही. शेजारच्या चहावाल्याचा रेडिओ मोठा झाला तर नाना हातातलं काम सोडून जात, काही न बोलता बटण फिरवून कमी करत आणि परत येऊन बसत. चहावाला एवढा भांडकुदळ, पण याबाबतीत कधी कुरकुरला नाही.

शेडमध्ये एकच खुर्ची होती, वेताची. तिच्याशेजारी माठ आणि माठावर घासून लख्ख केलेला तांब्या. पहिल्या दिवशी मी त्या खुर्चीत टेकलो तर नानांनी मला बोटाने उठवलं आणि तेलाच्या डब्याकडे दाखवलं. ते स्वतः डब्यावरच बसायचे. कुणी बायकोला मागे बसवून गाडी घेऊन आला की नाना गाडीकडे बघतच नसत. आधी खुर्ची पुसायची, बाईला बसवायचं, तांब्याभर पाणी द्यायचं, आणि मग नवऱ्याला विचारायचं, काय झालं. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा मर्यादशील आहे. चांगली गोष्ट आहे, पण गिऱ्हाइकाला डब्यावर बसवायचं म्हणजे जरा अतीच.

नाना पारोळ्याकडचे. शहरात राहून बोली बरीच घासली गेली होती, पण मनातलं बोलायचं झालं की अहिराणी बाहेर येई. एक वाक्य तर रोजचं होतं, "पर्तेक आवाजले घर ऱ्हास." प्रत्येक आवाजाला घर असतं, आपण दारं ठोठवत जायचं. आणि ट्रायल घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा दुसरा नियम. तुम्ही गाडीचं दुखणं अर्धा तास वर्णन करून सांगा, नाना फक्त म्हणणार, ट्रायल घेऊ.

त्यांची ट्रायल घ्यायची तऱ्हाच निराळी. बाकीचे मिस्तरी तुमची गाडी घेऊन भुर्रकन निघून जातात. नाना गाडी चालवायचे नाहीत. चालवायचं गिऱ्हाइकाने, नाना मागे. डावा हात गिऱ्हाइकाच्या खांद्यावर, उजव्या हातात लांब पान्हा, डोळे मिटलेले. खांद्यावर एक टिचकी म्हणजे हळू, दोन म्हणजे वेग वाढव. मध्येच पान्ह्याचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला लावून दुसरं कानाशी धरायचे. रस्त्यावरची पोरंटोरं हसायची. नानांना त्याचं काही नव्हतं.

या तऱ्हेने त्यांनी काय काय शोधलं होतं म्हणून सांगू. नशिराबादचे एक गुरुजी महिनाभर मागच्या चाकातला खुळखुळ आवाज घेऊन फिरत होते. नाना मागे बसले, दोन फर्लांगांवर थांबा म्हणाले आणि गुरुजींच्या डब्यातून चमचा काढून त्यांच्या खिशात ठेवला. झाली दुरुस्ती. कापडाच्या एका मारवाडी शेठजींची गोष्ट तर मी स्वतः पाहिली. त्यांना खडबडीत रस्त्यावर टकटक ऐकू यायची, नवीन घेतलेल्या स्कूटरला. ट्रायलवरून आल्यावर नाना त्यांना शेडच्या कोपऱ्यात घेऊन गेले आणि कानात काहीतरी बोलले. शेठजी लाजून लाल. ते गेल्यावर मी पिच्छाच पुरवला तेव्हा नाना म्हणाले, कुणाला सांगू नका, आवाज गाडीचा नव्हता, शेठजींनी नवीन कवळी बसवली आहे. एवढं बोलून स्वतःच हसले. त्यांना हसताना मी त्या वर्षात एवढंच पाहिलं.

अशा माणसाला माझा आवाज सापडेना. पहिल्या ट्रायलला नाना मागे, मी पुढे, पाळधीच्याही पुढे गेलो, काटा पन्नासवर नेला. गाडी मुकी. मी दातओठ खात परत आलो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. नानांना घेऊन गेलो की गाडी गरीब गाय, एकटा गेलो की टिर्रर्र. तिसऱ्या खेपेला माझा तोल गेला. मी भर रस्त्यात गाडी थांबवून म्हणालो, नाना, तुम्हाला ऐकू कमी येत असेल तर तसं सांगा, मला वेडा ठरवू नका. कितीतरी वयाने मोठा माणूस, आणि मी हे बोललो. अजून लाज वाटते. नाना खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुन्हा मागे बसले.

मग एका गुरुवारी धुळ्याहून येताना ऑफिसातला एक जण पारोळ्यापर्यंत माझ्यामागे बसून आला. तोपर्यंत आवाज नाही. तो उतरला, मी निघालो, आणि टिर्रर्र. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्याच दिवशी मी शेडवर गेलो आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, नाना, शोध लागला, मागे कुणी बसलं की आवाज बंद होतो, मी एकटा असलो की येतो.

नानांच्या हातात बोल्ट होता. त्यांनी तो खाली ठेवला, हात पुसले, आणि भर सकाळी शेडची दारं लोटून घेतली. मग कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं तिकडे बघत डब्यावर बसले. मी इतके दिवस तिथे जात होतो, ताडपत्रीखाली काय आहे ते कधी विचारलं नव्हतं. ती नानांची स्वतःची मोटारसायकल होती. बारा वर्षं तिथेच उभी होती.

त्यांची बायको धुळ्याला माहेरी राहते, एवढं चहावाल्याकडून मला कळलेलं होतं. का राहते ते नानांनी त्या दिवशी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी.

आखाजी होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. दरसाल नानांच्या बायकोला, म्हणजे इंदूअक्कांना, न्यायला त्यांचा भाऊ यायचा. त्या वर्षी त्याला जमलं नाही, म्हणून नाना मोटारसायकलीवरून सोडायला निघाले. त्या गाडीला असाच एक आवाज होता. नाना एकटे असले की यायचा, मागे अक्का बसल्या की बंद. पारोळ्याच्या अलीकडे ओढ्यावर एक मोरी आहे, तिच्याजवळ कडुनिंब. तिथे नानांनी अक्कांना उतरवलं. म्हणाले, तू मागे असलीस की तो येत नाही, इथं सावलीला थांब, दोन किलोमीटर जाऊन येतो, दहा मिनिटं.

गेले. आवाज आला. त्याच्यामागे नाना पारोळ्यात पोचले, तिथे ओळखीच्या मिस्तरीचं दुकान, इंजिन उघडून बसले. वर मान केली तेव्हा साडेतीन तास झालेले. परत मोरीवर आले तर अक्का नव्हत्या. त्यांना वाटलं, घरी गेली असेल, म्हणून जळगावला आले. अक्का मिळेल त्या एसटीने धुळ्याला भावाकडे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नाना धुळ्याला गेले. अक्कांनी दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, आवाज सापडला का? नाना म्हणाले, नाही. अक्का म्हणाल्या, सापडला की या मग. आणि दार लावून घेतलं.

आता कुठल्याही शहाण्या माणसाला यातला राग कळला असता. नानांनी मात्र ते काम म्हणून अंगावर घेतलं. वर्षभर एकटे त्या रस्त्यावर गाडी फिरवत राहिले. सहा वेळा इंजिन उघडलं. नाही सापडला. मग एक दिवस गाडीवर ताडपत्री टाकली आणि चालवणंच सोडलं. म्हणाले, "मी पुढं बसलो का मागचं इसरी जास." पुढे बसलं की मागचं विसरायला होतं, म्हणून ट्रायलला ते मागे बसायचे.

मी भडकलो. म्हणालो, अहो नाना, बाई रागाच्या भरात बोलली, तिला आवाजाशी काय देणंघेणं, तुम्ही नुसते जाऊन उभे राहिला असतात तरी झालं असतं. नाना ताडपत्रीकडे बघत म्हणाले,

"ती बोलली तसं बोलली, भाऊ. सापडल्याबिगर मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

बारा वर्षं हा माणूस एकट्याची भाकरी थापत होता, आणि अडून कशावर बसला होता, तर एका टिर्रर्रवर. मला राग येत होता. मी उठून माठातलं पाणी प्यालो. खुर्ची आणि माठ कुणासाठी ठेवलेत ते मला तेव्हा समजलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी निघायच्या वेळेला नाना माझ्या खोलीच्या दारात उभे. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला टोपी. म्हणाले, मोरीपर्यंत येतो. आखाजी तोंडावर आली होती, दहा वाजताच डांबर मऊ झालं होतं. मोरी आली, कडुनिंब आला, नाना उतरले. मला वाटलं, पाच मिनिटं थांबतील. ते म्हणाले, तुम्ही धुळ्याला जा, तुमचं काम करा, साडेतीन तासांनी मला इथून घ्या. मी म्हणालो, अहो, ऊन बघा. ते म्हणाले, ट्रायल घ्यायची आहे. मी माझी पाण्याची बाटली काढून पुढे केली.

"नको," नाना म्हणाले. "तिच्याजवळ नव्हतं. बाटली माझ्या गाडीलाच लटकत राहिली होती."

बाटली परत जागेवर ठेवली. मी किक मारली आणि निघालो. पन्नासेक पावलांवर गाडीने वेग घेतला आणि टिर्रर्र सुरू झालं. आरशात बघितलं तर नाना रस्त्याच्या मधोमध येऊन हात करत होते. लवकर या म्हणताहेत असं समजून मीही हात केला आणि धुळं गाठलं.

ऑफिसात त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. साडेतीन तासांचे पावणेचार झाले. परत आलो तेव्हा नाना तिथेच होते, सावली सरकून गेली होती तरी जागचे न हललेले, सदरा घामाने अंगाला चिकटलेला. मी बाटली दिली, ती त्यांनी हातात घेतली पण प्यायले नाहीत. विचारलं, "मी हात केला होता. दिसला का?"

मी म्हणालो, दिसला की, मला वाटलं लवकर या म्हणताय.

नाना मोरीच्या कठड्यावर बसले. बाटली मांडीवर ठेवली.

"मलाबी तसंच वाटलं होतं," म्हणाले.

क्षणभर मला काहीच कळेना. मग त्यांनी उठून माझ्या साडीगार्डला हात घातला आणि हलवलं. मागच्या बाजूचा क्लॅम्प ढिला होता. मागे माणूस बसला की त्याच्या पायाचा जोर जाळीवर पडायचा आणि ती गप्प राहायची. एकटा असलो की थरथरायची, आणि तो आवाज सांगाड्याच्या पाइपातून पुढे येऊन मला मांडीखाली ऐकू यायचा. गाडीवर बसलेल्याला तो इंजिनाचाच वाटणार. मागे रस्त्यावर राहिलेल्याला मात्र गाडीने वेग घेताक्षणी कळतं की काय वाजतंय. नाना हात करून मला साडीगार्ड दाखवत होते. त्या आखाजीला अक्कांचा हातही नानांनी आरशात पाहिला होता.

मी खिशातून पान्हा काढला. नाना म्हणाले, घट्ट करू नका, राहू द्या तसाच, धुळ्याला जायचं आहे. आत्ताच धुळ्याहून आलो होतो, पुन्हा तेवढाच रस्ता, पुन्हा ते ऊन. एरवी मी शंभर गोष्टी ऐकवल्या असत्या. त्या दिवशी मुकाट्याने गाडी वळवली. वाटेत नानांनी खांद्यावर एकदा दोन टिचक्या मारल्या.

पुढचं आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाला आशा नको. इंदूअक्का जळगावला परत आल्या नाहीत. बारा वर्षांत त्यांनी शिवणाचा क्लास उभा केला होता, गल्लीतल्या पोरी त्यांच्याकडे शिकायला येत, भावाची मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली होती. उठून यायचं म्हणजे कुठून यायचं? नाना दुसऱ्या दिवशी एसटीने एकटेच परत आले, शेडमध्ये जाऊन ताडपत्री काढली आणि स्वतःच्या गाडीचा तो क्लॅम्प बोटाने हलवून बघितला. ढिलाच होता. माझा मात्र त्यांनी पाच मिनिटांत बसवून दिला, मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालून. पुढे मी जळगावात होतो तोवर दर आखाजीला नाना सकाळच्या एसटीने धुळ्याला जात आणि संध्याकाळी परत येत. बायका आखाजीला माहेरी जातात, हा माणूस सासरवाडीला जायचा. मग माझी बदली विदर्भात झाली आणि संबंध तुटला. शेडमध्ये ते बहुतेक एकटेच संपले असतील, या विचाराने कधीकधी रात्री मला फार वाईट वाटतं.

पण नाना म्हटलं की मला शेड आठवत नाही. आठवते ती धुळ्यातली, देवपुरातली गल्ली. नानांनी कडी वाजवली आणि दोन पावलं मागे सरून, टोपी काढून उभे राहिले. दार उघडलं. चष्मा लावलेली, गळ्यात शिवणाची टेप असलेली बाई उंबऱ्यात आली. तिने नानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.  नाना म्हणाले, "सापडला."

अक्का म्हणाल्या, "साडीगार्ड ना?"

नानांनी मान हलवली.

"मी हात करून तेच दाखवत होती," अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्या दिवशी दारात आले तेव्हा एकदा विचारलं असतं, कशाला हात केला होता, तर तेव्हाच सांगितलं असतं."

नाना ओट्यावर बसले. अक्का आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. तो नानांनी उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला. अक्का म्हणाल्या, जेवून जा. मलाही म्हणाल्या, पण माझं तिथे काही काम नव्हतं. नानांनी मला हाताने जा म्हणून खुणावलं.

मी गाडी चालू केली. क्लॅम्प आता इतका सैल झाला होता की गल्लीतल्या खड्ड्यांतही जाळी वाजायला लागली. कोपऱ्यावर वळताना आरशात बघितलं. नाना ओट्यावर बसलेले होते, रिकामा तांब्या शेजारी. अक्का त्यांच्यामागे उभ्या होत्या आणि हात लांब करून माझ्या गाडीच्या मागच्या चाकाकडे दाखवत होत्या. नाना त्यांच्या हाताकडे बघत होते.